विसाव्या नंबरचं गाणं

सोमवार, ३ फेब्रुवारी

मावशे,

तू म्हणालीस फोन कर. नाही करणार. फोनवर मी नुसता श्वास घेते आणि पलीकडचा माणूस "कोण बोलतंय, कोण बोलतंय" करत पोलिसात जायच्या बेतात येतो. शाळा पण त्याच पायी सुटली. उभं राहून उत्तर दे म्हटलं की माझ्याकडे उत्तर असायचं, पाय नसायचे. तेव्हा जे काय आहे ते कागदावर घे.

लाँड्रीत मामाने मला घड्यांचं टेबल दिलंय हे तुला माहीत आहे. इस्त्री झालेला शर्ट पुठ्ठ्यावर ठेवायचा, बाह्या मागे, कॉलर वर, पिशवीत. दिवसभर तेच. रेडिओ डोक्यावर. तर मागच्या वर्षी कंटाळून मी एका पुठ्ठ्यावर कोडं लिहिलं. रेडिओवरच्या रविवारच्या टॉप वीस गाण्यांचं. "एक गाणं दोन नंबरवर अडकलं, मग एक नंबरवालं खाली आलं, तरी हे वर का गेलं नाही?" तो शर्ट बँकवाल्याचा होता. पुढच्या खेपेला त्याचा मळका शर्ट आला, त्याच्या खिशात चिठ्ठी. "कारण त्याच गायिकेचं दुसरं गाणं ह्याच्यावरून उडी मारून एक नंबरला गेलं. स्वतःच स्वतःला आडवी आली! आता माझं सोडवा." आणि खाली त्याचं कोडं. असलं की मी दोन दिवस नीट जेवले नाही.

मग बेकरीवाली ताई, मग गाडी शिकवणारे काका. चार्टवेडे ओळखू येतात गं, खिशात जुन्या याद्या असतात. बेकरीवाली ताई काउंटरवर आली की मी टेबलाखाली बटण शोधायला जाते. पण पुठ्ठ्यावर आमची कडाकडा भांडणं होतात. ती मला "हट्टी" म्हणते. मला आजवर कोणी हट्टी म्हटलं नव्हतं.

आता तुझा लाडका भाचा. म्हणजे मामाचा मुलगा, आमचा दादा. तो ढिगातले पुठ्ठे उचलायचा आणि रेडिओवर पाठवायचा, स्वतःच्या नावाने. ते पण मी सोडून दिलं, आवाज चांगला आहे त्याचा, वाचू दे. पण आता रेडिओवाल्यांनी त्याला दर रविवारी स्टुडिओत बोलवायला सुरुवात केली आहे. "कोड्यांचा बादशहा" म्हणतात. आणि बादशहाने मामाला सांगितलं, पुठ्ठ्यावर काही लिहायचं नाही, कोडी रविवारच्या आधीच फुटतात. मामाला काय, बादशहाची लाँड्री म्हणून गिऱ्हाईक वाढलंय. मामा म्हणाला, "बाळ, कोरे पुठ्ठे घाल."

काल बँकवाल्याने शर्ट काढला, पुठ्ठा उलटा केला, सुलटा केला, आणि गेला. त्या सगळ्यांना वाटतं पुठ्ठ्यांवर पण दादाच लिहायचा. मी कधी खाली नाव घातलं नव्हतं ना.

मला रेडिओबिडिओ नको. मला माझे पुठ्ठे परत पाहिजेत. बास.

तुझी,
गोगलगाय

*

रविवार, ९ फेब्रुवारी

गोगल,

पत्र दात घासता घासता वाचलं, माझे नाही, गिऱ्हाइकाचे. सध्या माझ्या टेबलावर अकरा कवळ्या आहेत आणि सगळ्या मिळून मला हसतायत, कारण मी रागाने एकटीच बडबडतेय.

तुझा मामा माझा सख्खा भाऊ, म्हणून मला बोलायचा हक्क आहे. तो लहानपणापासून असाच. ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं. आणि त्याचा मुलगा म्हणजे नुसता आवाज. पेढीवर बसवलेला भोंगा. पण तू भांडायला जाऊ नकोस, तू जाणारही नाहीस, आणि गेलीस तरी अर्ध्या जिन्यात बटण शोधायला बसशील.

तुला आमच्या धंद्यातली एक गंमत सांगते. आमच्या शेजारी एक दात बनवणारा होता, तो आमचे साचे चोरून उतरवायचा. आमच्या साहेबांनी काय केलं, एका दाढेवर एक खोटी रेघ पाडली. केसाएवढी. कोणाच्या तोंडात अशी रेघ नसते. महिन्याभराने शेजाऱ्याच्या दुकानात कवळी विकायला ठेवलेली, दाढेवर रेघ! साहेब तिथे जाऊन नुसते रेघेवर बोट ठेवून उभे राहिले. एक शब्द बोलले नाहीत. तुझ्यासारखंच.

कळलं का? तुझा दादा न बघता उतरवतो. मग त्याला एक अशी दाढ दे जी कोणाच्या तोंडातच नाही.

उत्तर पाठव. आणि जेव.

मावशी

*

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

मावशे,

तू फार वाईट आहेस. तीन दिवस मी एकटीच हसतेय, मामी म्हणते हिला वाफ चढली.

दाढ तयार आहे. एक अख्खं गाणं बनवलंय मी, जे नाहीच. बटणांचा डबा समोर होता, म्हणून बँडचं नाव "तुटकी बटणं". गाण्याचं नाव "थांब ना, लिफ्ट येतेय". कोडं असं: "कोणता बँड आयुष्यात एकदाच चार्टवर आला, विसाव्या नंबरवर, एकच आठवडा, आणि त्या आठवड्यात छापखान्याचा संप असल्यामुळे ती यादी कुठे छापलीच गेली नाही?" संपाची आयडिया बरी आहे की नाही? कोणी जुनी यादी काढून तपासायला गेलं तर मिळणारच नाही. उत्तर मागच्या बाजूला, नेहमीसारखं.

तुला म्हणून सांगते, गाणं माझ्या डोक्यात पूर्ण आहे. दुसरं कडवं संपलं की ढोलक थांबतो आणि एक माणूस शिट्टी वाजवतो, लिफ्टची वाट बघत असल्यासारखी. ते पुठ्ठ्यावर नाही लिहिलं. तेवढं माझ्यापाशी ठेवलं.

पुठ्ठा मी लपवल्यासारखा ठेवला, इस्त्रीच्या फडक्याखाली, एक कोपरा बाहेर. दादा आला, इकडे बघितलं, तिकडे बघितलं, "काय गं, काम कर," म्हणाला आणि फडकं उचललं. आता फडकं आहे, पुठ्ठा नाही.

ह्या रविवारचं कोडं त्याने आधीच नेलंय, म्हणजे पुढच्या रविवारी रेडिओवाले म्हणतील, बादशहा, असलं गाणं नाहीच. मग तो माझ्याकडे बघेल. मग मी पुठ्ठ्यांच्या ढिगावर बोट ठेवेन. एक शब्द बोलणार नाही.

गोगलगाय

*

सोमवार, २४ फेब्रुवारी

मावशे,

सगळं उलटं झालं. तू ऐकलं असशीलच, तरी लिहिते, कारण मला कोणाशी तरी भांडायचंय.

दादाने कोडं वाचलं, एकदम छाती काढून. कोणालाच येईना. मग त्याने उत्तर वाचलं. निवेदकाचे कागद सळसळले. मी इस्त्री खाली ठेवली. आता म्हणेल, आता म्हणेल. तर फोन वाजला! एक बाई, नाक चोंदलेलं, म्हणते, "अहो, हे गाणं आमच्या लग्नात वाजलं होतं! दुसऱ्या कडव्यानंतर ती शिट्टी आहे ना, तिथे आमचे हे जिन्यावरून पडले होते!"

झालं. त्यानंतर फोनच फोन. एक म्हणाला, बँडमध्ये चौघं होते. दुसरा म्हणाला, तीन, चौथा नंतर सोडून गेला. दोघं हवेतच भांडले. कोणीतरी म्हणालं की त्याचा गायक नंतर चष्म्याच्या दुकानात होता. निवेदक पण म्हणाला, "हो हो, आमच्या कपाटात असणार." घरात आई भाजी चिरता चिरता म्हणते, "अगं, हे तर तू पोटात होतीस तेव्हा लागायचं." आई! माझी सख्खी! आणि मी नाही म्हटलं तर, "तुला काय माहीत, तू पोटात होतीस."

आणि दादाला इतका चेव आला की म्हणाला, "रेकॉर्ड माझ्या घरी आहे. पुढच्याच्या पुढच्या रविवारी वाजवू."

आज दुकानात सगळे शिट्टी वाजवतायत. बेकरीवाली ताई तर दादाला म्हणाली, "तुम्ही लिहिता किती छान." मी टेबलाखाली होते. मला आत्ता कळलं की टेबलाखाली पण रडता येतं.

पण मावशी, एक आहे. शिट्टीचं मी पुठ्ठ्यावर लिहिलं नव्हतं. ते ह्या जगात दोन माणसांना माहीत होतं. एक मी. आणि मला सर्दी झालेली नव्हती.

उत्तर दे.

गोगलगाय

*

गुरुवार, २७ फेब्रुवारी

ति. आत्या,

मी मजेत. रविवारी माझा प्रोग्राम ऐकत असशीलच. हल्ली रस्त्यात लोक थांबवतात, त्यामुळे कुठेही पोचायला उशीर होतो. असो.

एक छोटंसं काम होतं. तुझ्याकडे कॉलेजच्या वेळच्या खूप कॅसेटी आणि तबकड्या होत्या ना? त्यात "तुटकी बटणं" ह्या बँडचं काही आहे का बघ. माझ्याकडे होती, पण बहुतेक कोणी तरी नेली. लोक वस्तू नेतात आणि परत देत नाहीत, अशी वृत्ती आहे. गाणं अर्थातच मला तोंडपाठ आहे, प्रश्न फक्त रेकॉर्डचा आहे.

पुढच्या रविवारच्या आत मिळाली तर बरं. बाबांना सांगू नकोस. गोगलगायीला पण नको, ती कशाला उगाच टेन्शन घेईल.

तुझा भाचा

ता. क. नसली तर नुसता डबा पण चालेल. म्हणजे दाखवायला.

*

शनिवार, १ मार्च

गोगल,

सोबत तुझ्या दादाचं पत्र जोडलंय. ते आधी वाच, मग माझ्यावर रागव. "नुसता डबा पण चालेल" हे वाचून मी एका म्हाताऱ्याच्या कवळीत दात उलटा बसवला.

हो, मीच ती. नाकाला कपड्यांचा चिमटा लावला होता. आणि जिन्यावरून पडलेले "आमचे हे" कोण, ते मला पण माहीत नाही, तुझ्या मावशीला लग्न झाल्याचं कोणी कळवलेलं नाही.

तुला वाटतं मी तुझा डाव मोडला. ऐक. मी फोन केला नसता तर काय झालं असतं? निवेदक म्हणाला असता, असं गाणं नाही. दादा म्हणाला असता, "हो का? मग माझी चूक," आणि हसला असता. त्याचं हसणं गोड आहे, लोक विरघळतात. पुढच्या रविवारी परत बादशहा. आणि तू ढिगावर बोट ठेवून उभी राहिली असतीस, कोणी बघितलं पण नसतं. आमचे साहेब बोट ठेवून उभे राहिले तेव्हा ते सहा फूट होते गं.

आता तो स्वतःच म्हणाला की रेकॉर्ड घरी आहे. आता त्याला वाट एकच, तुझ्या टेबलावरून जाणारी. तो येईल. आला की फुकट काही देऊ नकोस.

एक कबूल करते. बाकीचे फोन मी केले नाहीत. शपथ. ते लोक खरंच आठवत होते! मला पण जरा भीती वाटली. काल मी अंघोळीला तीच चाल गुणगुणत होते आणि मध्येच लक्षात आलं की चाल नाहीच आहे.

मावशी

*

बुधवार, ५ मार्च

मावशे,

माफ केलं. थोडं शिल्लक आहे, भेटलीस की देईन.

तो आला. दुपारी, मामा बँकेत गेलेला बघून. आधी शर्टांच्या ढिगाला टेकून उभा राहिला, मग म्हणाला, "तुझं ते कोडं... म्हणजे आपलं ते कोडं..." मी घडी घालत राहिले. मग, "ती रेकॉर्ड कुठेय गं?" मी घडी घालत राहिले. मग त्याने चक्क खुर्ची ओढली आणि म्हणाला, "असं गाणं आहे ना?"

मी मान हलवली. नाही म्हणून.

मावशी, त्याचा चेहरा! तव्यावर पाणी टाकल्यावर थेंब कसे पळतात, तसे डोळे. म्हणाला, "मग माझी आई कसं काय म्हणते की तिने ऐकलंय?" म्हणजे मामी पण!

मग हळू आवाजात, "काहीतरी कर ना. तुला सुचतं." पहिल्यांदाच म्हणाला, तुला सुचतं. जरा वाईट वाटलं मला. जराच.

मी पुठ्ठ्यावर लिहून दाखवलं, "देते. पण शर्टात परत कोडी घालणार. मामाला तू सांगायचं." तो म्हणाला, "हो हो, रविवार जाऊ दे, मग बघू." मावशी, "मग बघू" म्हणजे काय ते आपल्या घरात कोणाला शिकवायला नको.

म्हणून मी नवा पुठ्ठा केला. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात: "ज्या गाण्यासाठी सगळे वेडे झाले, ते कोणालाच का सापडत नाही? उत्तर मागे." त्याला भलतंच आवडलं. आरशासमोर उभा राहून म्हणतोय, एकदा हात वर करून, एकदा खाली करून. मागची बाजू नाही बघितली. बघतच नाही तो कधी, उत्तर पहिल्यांदा वाचताना आवाजात मजा येते म्हणे. त्याबद्दल मी त्याला मानते पण.

मागे काय आहे ते तुला पण सांगत नाही. तू फोन करशील.

रविवारी चिमटा लपवून ठेव.

गोगलगाय

*

रविवार, ९ मार्च, संध्याकाळी

माझ्या राणी,

हे आत्ता लिहितेय, हसता हसता, कामावर असते तर कोणाची तरी हिरडी गेली असती.

शेजारपाजारचे सगळे माझ्या खोलीत जमलेले, गाणं ऐकायला. दादाने पुढची बाजू म्हटली. काय म्हटली! निवेदक म्हणाला, "वा! मग बादशहा, उत्तर?" आणि पुठ्ठा उलटल्याचा आवाज आला. खरंच आला. मग त्याचा तो भरदार आवाज:

"कारण ते गाणंच नाही! ते मी घड्या घालता घालता बनवलं. तुम्ही सगळ्यांनी मिळून ते ऐकलं, त्याबद्दल आभार. आत्तापर्यंतची सगळी कोडी पण मीच बनवली, शर्टाच्या पुठ्ठ्यांवर. मी लाँड्रीतली गोगलगाय. हे वाचतोय तो माझा दादा. त्याचा आवाज चांगला आहे, डोकं धुवायला टाकलंय, मंगळवारी मिळेल..."

गोगल, तो "मंगळवारी मिळेल" पर्यंत वाचत गेला! गाडी उतारावर लागली की ब्रेक लागत नाही तसा. शेवटचे दोन शब्द अगदी बारीक आवाजात, पण वाचले. मग निवेदक इतका हसला की त्यांनी घाईघाईने जाहिरात लावली.

माझ्या खोलीत एक आजोबा उठून उभे राहिले आणि म्हणाले, "गाणं नाही कसं? मी नाचलोय त्यावर!" त्यांना पाणी दिलं.

मला दोन गोष्टी लगेच कळव. एक, तो घरी आला का? दोन, तू टेबलाच्या वर आहेस की खाली?

मावशी

*

बुधवार, १२ मार्च

मावशे,

तो घरी आला. उशिरा, गल्लीच्या मागच्या बाजूने. मला वाटलं ओरडेल. मी इस्त्रीचं टेबल मध्ये येईल अशी उभी राहिले होते. तो आला, पुठ्ठा माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाला, "मंगळवारी मिळेल काय गं? मंगळवारी?" आणि हसायलाच लागला. पोट धरून. मग रडला पण थोडा, ते त्याने मला लिहू नकोस म्हणून सांगितलंय.

मामा सकाळी मामीला म्हणाला, "मग ते लिफ्टचं गाणं कोणाचं?" त्याला अजून नीट कळलेलं नाही. पण नंतर माझ्या टेबलावर कोऱ्या पुठ्ठ्यांचा नवा गठ्ठा आणि एक पेन ठेवून गेला. टोपणासकट. मामाने दिलेल्या पेनाला टोपण असणं म्हणजे काय, तुला माहीत आहे.

रेडिओवाल्यांचा माणूस आला होता. म्हणाला, रविवारी तुम्ही या. मी मान हलवली. म्हणाला, आवाजाची भीती असेल तर सवय होते. मी लिहून दिलं, कोडी पाठवेन, वाचू दे दादाला, मागची बाजू आधी बघून. खाली नाव घातलं. गोगलगाय, लाँड्री. मोठ्या अक्षरात.

आता दुकानाचं सांगते. सोमवारी दार उघडलं तर बाहेर रांग. बँकवाला, ताई, गाडीवाले काका, आणि कधी न बघितलेली माणसं. मामाने पहिला शर्ट घेतला, हुंगला, उजेडात धरला. "अहो, हा तर धुतलेलाच आहे!" तो माणूस म्हणतो, "असू दे हो, परत धुवा." दुसऱ्याच्या शर्टाची दुकानाची पिशवी पण काढलेली नव्हती. मामाने माझ्याकडे असं बघितलं, की जसं काही मी नळाला पाण्याऐवजी दूध आणलंय.

बेकरीवाली ताई आली तेव्हा माझं बटण खरंच खाली पडलं होतं. खरंच, शपथ. मी वाकले, आणि ती काउंटरवरून वाकून खाली बघत म्हणाली, "हट्टी तूच ना?" मी म्हटलं, "हो." एवढंच. पण मावशी, तोंडाने म्हटलं.

काल संध्याकाळी दादा टेबलापाशी घुटमळत होता. आता तो बाह्यांना इस्त्री करतो, मामाने बसवलंय. म्हणाला, "ते बँकवाल्याला तू घातलंस ना, चार्टवरून उतरल्यावर एक नंबरला गेलेल्या गाण्याचं. उत्तर काय त्याचं? सांग ना. घरातल्या माणसाला तरी सांग."

मी घडी पूर्ण केली, पिशवी लावली आणि म्हटलं, मोठ्याने, मामाला पण ऐकू गेलं:

"शर्ट टाक. रांगेत ये."

तुझी,
गोगलगाय